‘सभेचा आवाज दाबला’ ही माझी बातमी चुकली होती

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. अर्धी वाचून खाली शिव्या देऊ नका, पूर्ण वाचून द्या.

मागच्या महिन्यात पाणीपट्टी वाढीच्या विषयावर नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा झाली. त्या दिवशी सभेचं ऑनलाईन ध्वनिप्रक्षेपण बऱ्याच जणांना ऐकायला आलं नाही. संध्याकाळपर्यंत मला पन्नासेक फोन आले. शिलाईकाम करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या मावशी म्हणाल्या, “दादा, मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरतंय. आमचं पाणी महाग करायचं आणि आम्हालाच ऐकू द्यायचं नाही, हे काय?” मी तापलो. रात्री याच पानावर बातमी टाकली, ‘पाणीपट्टीच्या सभेचा आवाज दाबला’. भरपूर शेअर झाली. विरोधी नगरसेवकांनी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य फलकावर लिहून गेटवर घोषणा दिल्या. सत्ताधारी गटाने पत्रक काढलं की हा सायबर हल्ला आहे, आणि बोट विरोधकांकडे दाखवलं.

आवाज कुणी दाबला नव्हता. हल्लाही झाला नव्हता. दोन्ही बाजू चुकल्या आणि मीही चुकलो. दरम्यान एका पोराचं काम गेलं, त्यामुळे हे नीट लिहायला हवं.

आधी थोडं मागचं सांगतो. २०१७ साली तेव्हाच्या मुख्याधिकारी साहेबांनी सभागृहातल्या मायक्रोफोनचा आवाज इंटरनेटवर सोडायची सोय केली होती. व्हिडिओ नाही, फक्त आवाज. आपल्याकडची लाईन तेव्हा व्हिडिओ पेलण्याइतकी नव्हती. एका एजन्सीने जुन्याच एका संगणकावर उबुंटू १६.०४ टाकलं, त्यावर आइसकास्ट नावाचं सॉफ्टवेअर बसवलं, आणि नगरपरिषदेच्या वेबसाईटवर एक बटण दिलं. बटण दाबलं की सभा ऐकू यायची. रेडिओसारखी. निवृत्त गुरुजी अंगणात बसून ऐकायचे, फळवाले गाड्यावर फोन टेकवून ऐकायचे, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं हेडफोन लावून ऐकायची. नगरसेवक जपून बोलायला लागले होते, हे मी पत्रकार कक्षात बसून पाहिलंय. माईक बंद करून कुजबुजायची सवयही तेव्हाच लागली, ते वेगळं.

पुढे मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसला. सभाच नाही तर प्रक्षेपण कशाचं. तो संगणक स्टोअररूमशेजारच्या खोलीत धूळ खात पडला. आता नवी बॉडी आली आणि बटण पुन्हा चालू झालं.

आइसकास्ट म्हणजे काय, ते आपल्या पाण्याच्या भाषेत सांगतो. सभागृहातून एक पाईप टाकीत येतो, म्हणजे माईकचा आवाज सर्व्हरवर जातो. टाकीतून खाली नळकनेक्शनं जातात, म्हणजे तुमचे-आमचे फोन. टाकी आवाज तयार करत नाही, वाटते. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, झिफ फाउंडेशन नावाची ना-नफा संस्था ते सांभाळते, आणि जगभरातली कितीतरी छोटी इंटरनेट रेडिओ स्टेशनं त्यावर चालतात. टाकी कशी वाटणार, हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. एका वेळी किती कनेक्शनं द्यायची, पाईप जोडणाऱ्याचा पासवर्ड काय, आवाजाची नोंद डिस्कवर ठेवायची की नाही, मधेच माईकची लाईन तुटली तर ऐकणाऱ्याला काय ऐकवायचं. सगळं त्या एका फाईलमध्ये. नोटपॅडमध्ये उघडते.

आता माझ्या तपासाकडे येतो.

बातमी टाकल्यावर तीन-चार दिवसांनी डोकं थंड झालं तेव्हा लक्षात आलं की मला नुसतं ‘ऐकायला आलं नाही’ एवढंच माहीत होतं. आणि ‘दाबला’ हे मी माझ्या पदरचं लिहिलं होतं. डिप्लोमा करताना आमचे सर म्हणायचे की बातमीतलं क्रियापद तपासा, विशेषण आपोआप सुधारतं. पंचवीस वर्षं झाली, अजून चुकतो. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कागद मागितले नाहीत, अभिलेख पाहणी मागितली. कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये पाहणीचा अधिकारही आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सध्याच्या मुख्याधिकाऱ्यांनी तीस दिवस न लावता आठवड्यात बोलावलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

सोबत मी आपल्या बाजारपेठेतल्या एका मुलाला नेलं. मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. नाव लिहू नका म्हणाला, कारण नगरपरिषदेचे प्रिंटर त्याच्याकडेच येतात. आम्ही खुर्च्या ओढून बसलो, त्याने स्क्रीनवर लॉग उघडले आणि पाच मिनिटांत म्हणाला, “काका, इथे शंभरच जणांना परवानगी आहे.”

मी म्हटलं, कुणी दिली?

“कुणीच नाही. मुळात तसंच येतं.”

आइसकास्ट नवं बसवलं की त्याच्या फाईलमध्ये एका वेळी १०० क्लायंट एवढी मर्यादा लिहिलेली येते. गरजेप्रमाणे आपण वाढवायची. त्या शंभरात फक्त ऐकणारे येतात असंही नाही. सर्व्हरची आकडेवारी बघायला आलेली विनंतीसुद्धा तेवढ्या वेळापुरती त्यात मोजली जाते. सभेच्या दिवशी सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभर भरले. त्यापुढे जो आला त्याला सर्व्हरने दारातूनच परत पाठवलं, आणि तुमच्या फोनवर ते गोल गोल फिरत राहिलं. लॉगमध्ये मर्यादा संपल्याच्या ओळी एकाखाली एक होत्या. मावशींचा फोन त्यातलीच कुठली तरी एक ओळ असणार.

हसू येईल अशी गोष्ट पुढे आहे. जे शंभर आत बसले होते त्यांतला मोठा वाटा नगरपरिषदेच्याच इमारतीतला होता. विभागप्रमुखांनी आपापल्या टेबलावरच्या संगणकावर प्रक्षेपण लावून ठेवलं होतं, साहेबांनी विचारलं तर माहीत असावं म्हणून. एकाने तर लावलं आणि जेवायला गेला. सभागृह वरच्या मजल्यावर, जिना चढला असता तर फुकट ऐकू आलं असतं. आणि गावातला माणूस बाहेर.

मग मी विचारलं, “पण २०१७ ला तर आपल्याकडे तीनशे-साडेतीनशे लोक एका वेळी ऐकायचे. तेव्हा कसं चाललं?” तो शोधत राहिला. त्याच फोल्डरमध्ये शेजारी एक फाईल सापडली, नावापुढे ‘ओल्ड’ लागलेली. जुनी फाईल. त्यात मर्यादा ५०० होती. पासवर्ड लांबलचक, स्वतः ठरवलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सभेची नोंद डिस्कवर ठेवायची ओळ त्यात चालू होती. नव्या फाईलमध्ये मर्यादा १००, नोंदीची ओळ नाही, आणि पासवर्ड ‘हॅकमी’.

हो, हाच शब्द. आइसकास्टच्या नमुना फाईलमध्ये पासवर्ड म्हणून हाच लिहिलेला असतो. ‘मला हॅक करा’. बहुतेक अशासाठीच, की बघणाऱ्याला लाज वाटून तरी तो बदलावा. हे सॉफ्टवेअर ज्याने एकदा हाताळलंय अशा जगातल्या कुठल्याही माणसाला तो पाठ आहे. म्हणजे पाणीपट्टीच्या सभेच्या दिवशी गावातल्या कुणाही पोराला सभा सुरू व्हायच्या आधीच सर्व्हरला स्वतःचा पाईप जोडून नगराध्यक्षांच्या भाषणाऐवजी डीजे लावता आला असता. कुणी केलं नाही. लॉगमध्ये पाईप जोडणारा एकच पत्ता होता, सभागृहातल्याच संगणकाचा. सायबर हल्ल्याचं पत्रक काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. हल्ला झाला नाही, पण दार सताड उघडं होतं.

फाईल बदलली कशी, त्याची तारीख आणि वेळ संगणकावरच होती. सभेच्या आदल्या रात्री, अकरा वाजून गेल्यावर.

इथे माझं पोट ढवळलं. कारण अकरा वाजता त्या खोलीत कोण असणार, हे मला माहीत होतं. कंत्राटी संगणक ऑपरेटर. सभेनंतर तिसऱ्या दिवशी त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितलं गेलं होतं. माझ्या बातमीनंतर. कुणावर तरी कारवाई दाखवायची होती, सगळ्यात स्वस्त माणूस तोच होता.

त्याच्या घरी गेलो. आई दारात होती, ओळखलं, पण या म्हणाली नाही. तो स्वतःच बाहेर आला. त्याने जे सांगितलं ते मी कागदांशी ताडून पाहिलंय. वरून पत्र आलं होतं की कार्यालयातल्या सर्व संगणक प्रणाली अद्ययावत करून अनुपालन अहवाल पाठवा. पत्र टेबलाटेबलावर फिरून त्याच्यापर्यंत आलं ते शेवटच्या दिवशी दुपारी. दुपारी मालमत्ता कराच्या पावत्यांची गर्दी. मग रात्री थांबून त्याने एकेक संगणक घेतला. प्रक्षेपणाच्या संगणकावरचं उबुंटू १६.०४ होतं, ज्याच्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या २०२१ च्या एप्रिलमध्येच बंद झाल्यात. म्हणजे पत्र बरोबर होतं, अपडेट करायलाच हवं होतं. उबुंटूमध्ये थेट उडी मारता येत नाही, १६.०४ वरून १८.०४, मग २०.०४ असं एकेक पायरी चढावी लागते. तो चढला. मधे स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न आला. थोडक्यात असा, की ही फाईल तुम्ही बदललेली दिसते, तुमची जुनी ठेवू की आमची नवी टाकू? नुसतं एंटर दाबलं असतं तर जुनी राहिली असती. त्याने विचार केला, अद्ययावत करायचं म्हणजे नवीनच घ्यायचं ना. नवी घेतली.

सकाळी माईकचा आवाज सर्व्हरवर जाईना. जुना पासवर्ड चालत नव्हता. सभेला वीस मिनिटं होती. त्याने फाईल उघडली, तिथे ‘हॅकमी’ दिसलं, तेच माईकच्या संगणकात टाकलं. आवाज सुरू झाला. स्वतःच्या फोनवर ऐकून खात्री केली आणि खाली पावत्यांना बसला. “सर, माझ्या फोनवर चालू होतं,” एवढंच तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता.

सांगा, यात त्याचं काय चुकलं? त्याला कुणी ही यंत्रणा शिकवली नव्हती. २०१७ च्या एजन्सीने हस्तांतर करताना दिलेला कागद मी मागितला. तो कागद नाही. फाईलमध्ये काय बदल केले, का केले, याची एक ओळ कुठे नाही. देखभालीचा करार एक वर्षाचा होता, नंतर नूतनीकरण नाही. अर्थसंकल्पात ‘थेट प्रक्षेपण यंत्रणा खरेदी’ असं शीर्ष होतं, ‘देखभाल’ असं शीर्ष कधीच नव्हतं. आपण ट्रॅक्टर घेतो आणि डिझेलला पैसे ठेवत नाही, तसला प्रकार. ज्या मुलाला एक रुपया जास्तीचा न देता रात्री बाराला बसवलं, त्याने एंटरऐवजी दुसरं बटण दाबलं म्हणून त्याला घरी पाठवलं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते सांगतो.

त्या सभेत पाणीपट्टी वाढीचा ठराव मंजूर झाला, सगळ्यांना माहीत आहे. पण मतदानाच्या आधी चर्चेत पीठासनावरून एक आश्वासन दिलं गेलं. मी तिथे होतो, माझ्या वहीत आहे. एक दिवसाआड पाणी नियमित सुरू झाल्यावरच वाढीव दराची बिलं काढू, असं ते होतं. त्या आश्वासनावर दोन अपक्ष नगरसेवकांनी विरोध मागे घेतला. आता इतिवृत्त आलंय, आणि त्यात हे वाक्य नाही. ‘साधकबाधक चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर’ एवढंच. बिलं छापायला गेलीत. पाणी आजही चौथ्या दिवशी येतं.

आणि नोंद नाही. जुनी फाईल असती तर आवाज डिस्कवर असता. एरवी मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो, त्या दिवशी केलं नाही, कारण सर्व्हरवर होतंच असणार असं गृहीत धरलं. त्या ऑपरेटरने एंटर दाबायचं चुकवलं, मीही फोनचं लाल बटण दाबायचं चुकवलंच. त्याची नोकरी गेली, माझं काय गेलं? सर्व्हरचे लॉग आपल्याकडे आहेत. त्यात कोण किती वेळ ऐकत होतं ते सेकंदासकट आहे. काय बोललं गेलं ते नाही.

नोंद ठेवायला जागा लागते, म्हणून ठेवत नाहीत, असं मला एका पदाधिकाऱ्याने सांगितलं. हिशेब करू. भाषणाचा आवाज ६४ केबीपीएसला उत्तम ऐकू येतो. तासाला होतात साधारण २९ एमबी. तीन तासांची सभा धरली तर ८७ एमबीच्या आत. महिन्याला एक सभा, वर्षाच्या बारा. सगळं मिळून एक जीबीच्या आसपास. लग्नाच्या वरातीचे व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये यापेक्षा जास्त जागा खातात. पाच वर्षांची पूर्ण कारकीर्द साध्या पेनड्राईव्हमध्ये मावेल आणि वर गाण्यांना जागा उरेल.

नगरपरिषदेने आता यावर काय ठरवलंय? पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘अत्याधुनिक थेट प्रक्षेपण यंत्रणा’ खरेदीचा विषय आहे. नवा सर्व्हर, नवे कॅमेरे, नवी एजन्सी. अंदाजपत्रक लाखांत आहे, मी पाहिलंय. माझा या खरेदीला विरोध आहे आणि तो उघडपणे लिहितो. कॅमेरे नको असं नाही. पण जे बिघडलं ते यंत्र नव्हतं. १०० च्या जागी ५०० लिहायला, पासवर्ड बदलायला आणि नोंदीची ओळ परत घालायला दुकानवाल्या मुलाच्या हिशेबाने पंधरा मिनिटं लागतात. जुनी फाईल शेजारीच पडली आहे. ज्या संस्थेला एक मजकुराची फाईल सांभाळता आली नाही, ती लाखांची यंत्रणा कशी सांभाळणार? नव्या यंत्रणेचीही अशीच फाईल असेल, तिलाही असाच प्रश्न विचारणारं अपडेट येईल.

नुसता आकडा वाढवून सगळं सुटतं असंही मी म्हणत नाही. ५०० लोकांना प्रत्येकी ६४ केबीपीएस म्हणजे ३२ एमबीपीएस, तेही बाहेर जाणारं, अपलोडचं. सभेच्या वेळी कार्यालयाची लाईन तेवढं वाहून नेते का, हे मोजावं लागेल. शिवाय अजून एक तक्रार कायम आहे, की बटण दाबलं तरी काहींच्या मोबाईलवर काहीच वाजत नाही. त्याचं कारण वेगळं आहे. नगरपरिषदेची वेबसाईट आता कुलूप दिसणारी, सुरक्षित पत्त्यावरची आहे. प्रक्षेपण मात्र जुन्या, बिनकुलपाच्या पत्त्यावर, ८००० नंबरच्या पोर्टवरून येतं. सुरक्षित पानावरचा असा असुरक्षित आवाज क्रोमने २०२० पासून अडवायला सुरुवात केली. सर्व्हरपुढे एक दुवा बसवून त्याला प्रमाणपत्र लावावं लागेल. प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण लेट्स एन्क्रिप्टचं घेतलं तर ते ९० दिवसांत संपतं, आणि आपोआप नवं व्हायची सोय लावून ठेवली नाही तर तीन महिन्यांनी पुन्हा मला फोन येतील. म्हणजे पुन्हा देखभालच आली.

काही मित्र म्हणतात, एवढा व्याप कशाला, सरळ यूट्यूबवर टाका. टाका की. मर्यादेचा प्रश्न मिटेल, लाईनचा ताण कमी होईल, व्हिडिओही दिसेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली, २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या लोक घरबसल्या बघतात, तेही आधी यूट्यूबवरच. पण त्याच न्यायालयाचं यूट्यूब चॅनल २०२४ च्या २० सप्टेंबरला कुणीतरी ताब्यात घेतलं आणि त्यावर आभासी चलनाचे व्हिडिओ दिसायला लागले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचं हे होऊ शकतं, तर आपल्याकडे चॅनलचा पासवर्ड कुणाच्या फोनमध्ये असेल आणि तो माणूस बदली होऊन गेल्यावर काय होईल, हे तुम्हीच ठरवा. यूट्यूबवर दाखवा, पण मूळ नोंद आपल्या सर्व्हरवर, आपल्या ताब्यात राहू द्या. दाखवणं आणि दप्तर ठेवणं ही दोन कामं आहेत.

दप्तरावरून आठवलं. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने सरकारी संस्थांसकट सगळ्यांना आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. आपल्या सर्व्हरवर लॉग ठराविक आकाराचा झाला की जुना पुसला जातो, अशीच रचना आहे. त्या रात्रीचे लॉग मला सापडले ते केवळ मधे फारशा सभा झाल्या नाहीत म्हणून. आणखी दोन-तीन सभा झाल्या असत्या तर मी आजही ‘आवाज दाबला’ म्हणत बसलो असतो आणि ते ‘हल्ला’ म्हणत बसले असते.

माझं मुख्याधिकाऱ्यांना आणि सभागृहाला म्हणणं असं. त्या सर्व्हरची फाईल, पासवर्ड वगळून, छापून दप्तरात लावा आणि कुणी बदल केला की तारीख टाकून सही करा, जसं मोजमाप पुस्तिकेत करता. अपडेट सभेच्या आदल्या रात्री नको, सभेनंतरच्या आठवड्यात करा. आधी फाईलची प्रत बाजूला ठेवा, नंतर चार वेगवेगळ्या फोनवरून, त्यातला एक तरी कार्यालयाच्या वायफायबाहेरचा घेऊन, ऐकून बघा. माईकची लाईन तुटली तर लोकांना ‘सभा लवकरच सुरू होईल’ अशी रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू येईल अशी सोय त्या फाईलमध्ये आहे, ती वापरा, म्हणजे बंद पडणं आणि बंद पाडणं यातला फरक लोकांना कळेल. विभागप्रमुखांनी जिना चढावा. आणि खरेदीचा विषय एक सभा पुढे ढकला, आधी अर्थसंकल्पात देखभालीचं शीर्ष उघडा.

ऑपरेटरला परत घ्या. आज त्या यंत्रणेत कुठे काय असतं हे नगरपरिषदेत फक्त त्यालाच माहीत आहे, चुकूनच का होईना. त्याला काढून तुम्ही एकमेव शिकलेला माणूस घालवलात. मी त्याची त्याच्या आईसमोर माफी मागितली आहे, इथेही मागतो. जुनी बातमी मी काढून टाकलेली नाही. तिच्या डोक्यावर ‘ही बातमी चुकीची होती’ असं लिहून या पोस्टची लिंक दिली आहे.

शेवटी एक काम तुमच्याकडे. त्या दिवशी शंभर जण आत होते. कार्यालयातले सोडले तरी पुष्कळ उरतात. तुमच्यापैकी कुणी त्या वेळी फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं असेल, एखाद्या ग्रुपवर दोन मिनिटांची क्लिप टाकली असेल, दुकानात चालू असताना मागे कुणाचा व्हिडिओ निघाला असेल आणि त्यात सभेचा आवाज आला असेल, तर शोधा. पाणीपट्टीचा विषय दुपारी साडेबारानंतर सुरू झाला आणि ते आश्वासन एक वाजायच्या आसपास दिलं गेलं. सापडलं तर मूळ फाईल जपून ठेवा, कापाकापी करू नका, आणि मला मेसेंजरवर कळवा. इतिवृत्त कायम करायचा विषय पुढच्या सभेत आहे, त्याच्या आधी ते आपल्या हातात हवं.